जवसाचे तेल आणि आईचा चेहरा

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकण्याचे आम्ही ठरविले, त्यामागे कलावंत होण्याची आकांक्षा नव्हती. आईने ऐंशी ओलांडली होती; तिचा चेहरा आपल्या हातून रंगविला जावा, एवढीच आस होती. परभणीत गुरू शोधीत बसण्याइतका अवधी नव्हता. तेव्हा आम्ही साडेतीनशे वर्षांपूर्वीचा गुरू निवडला.

सासोफेर्रातो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इटालियन चित्रकार जोव्हान्नी बत्तिस्ता साल्वी (१६०९–१६८५) याने रंगविलेली प्रार्थनामग्न मरिया लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पांढरे शिरोवस्त्र, निळे प्रावरण, जुळलेले हात, झुकलेली दृष्टी. त्याची छापील प्रत समोर ठेवली. साल्वीने स्वतःही राफाएलच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. त्यामुळे नकलेचा संकोच उरला नाही.

छापील चित्रावर व कॅनव्हासवर सारखेच चौकोन आखले. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी केवळ छायाप्रकाश मांडला. खालचा थर कमी तेलाचा, वरचा अधिक तेलाचा, हा नियम. नाहीतर चित्राला तडे जातात. रंगात मिसळायचे ते तेल जवसाचे. आमच्या मराठवाड्यात जवस म्हणजे चटणी! हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते. म्हणून एकेका थरासाठी दिवसेंदिवस थांबावे लागते. आणि आमच्यापाशी वेळच तर थोडा होता.

मरियेची पापणी रंगविताना उमगले, की चेहऱ्याला रेषा नसतेच. जी कड भासते, ती दोन छटांची भेट असते. आपण घरच्यांचे चेहरे ओळखतो आणि पुढे जातो. पाहत मात्र नाही.

मग आईला खिडकीपाशी बसविले. रिकामे बसणे तिला ठाऊक नाही, म्हणून तिने जपमाळ हाती घेतली. दृष्टी आपोआप खाली झुकली. मरियेसाठी कालवलेली गुलाबी छटा या सावळ्या कातडीवर चालणार नव्हती. येथे बर्न्ट सिएना आणि पिवळी माती हवी होती. गोव्यात जन्मलेल्या आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ही पाश्चात्त्य रीत शिकून आपल्याकडची माणसे रंगविली, हे आठवून धीर आला.

चित्र पुरे झाले आहे. वार्निश लावण्यापूर्वी सहा महिने ते वर्षभर थांबायला हवे. आई रोज विचारते, “सुकलं का रे?”