शेकडा सात

आमच्या घरात 'पित्त' हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. रहिमतपुरास एका दिवाळीत फराळानंतर वडिलांच्या छातीत कळ आली. "पित्त झालंय," ते म्हणाले. आईने लिंबू-सोडा दिला. पहाटे ते गेले. दुखणे हृदयाचे होते.

त्यामुळे चाळिशीनंतर माझ्याच छातीत जळजळू लागले, तेव्हा मी मनातल्या मनात निरवानिरव सुरू केली. वर्गात कळ आली की फळ्याकडे तोंड करून उभा राही. डॉक्टरांनी आधी हृदयाचा आलेख काढला. तो निर्दोष निघाला. मग त्यांनी विचारले, "वाकल्यावर वाढतं? जेवून आडवं झाल्यावर? घशाशी आंबट येतं?" तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'हो.'

"मग जठरातलं आम्ल वर येतंय. तिथली झडप सैल पडलीय."

आठ आठवडे गोळ्या घेतल्या. उतार अर्धाच पडला. दुर्बिणीतून पाहिले, तर अन्ननलिका स्वच्छ! "पुष्कळांची अशीच दिसते," डॉक्टर म्हणाले. मला मात्र वडील आठवले.

माझी शंका फिटावी म्हणून त्यांनी मला पुण्याला धाडले. सात दिवस गोळ्या बंद ठेवल्या. मग नाकातून शेवईएवढी नळी अन्ननलिकेत सोडली. तिच्यावरचा संवेदक झडपेच्या पाच सेंटिमीटर वर, आणि कमरेला डबी. चोवीस तास नेहमीसारखे जेवायचे, झोपायचे. जळजळले की बटण दाबायचे. बहिणीकडे उतरलो होतो. तिने मऊ भात वाढला. म्हटले, "ताई, आज परीक्षा आहे. सोपा पेपर नको." तेव्हा कुठे तिने नेहमीची झणझणीत आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. सामू चारच्या खाली गेला की आम्ल वर आले असे समजतात. असे शेकडा चारपर्यंत वेळ घडणे स्वाभाविक. सहाच्या वर गेले की रोग पक्का. मला सात! शिवाय बहुतेक प्रत्येक बटणाआधी दोन मिनिटांत आम्ल वर आलेले. वीस वर्षे मी गुण देतो आहे. इतक्या थोड्या गुणांवर इतका खूश झालेला विद्यार्थी पाहिला नाही.

घरी येऊन आईला कागद दाखवला. तिने तो दोन्ही हातांत धरला. "ह्यांचाही आलेख काढला असता तर..." पुढे ती बोलली नाही. मीही बोललो नाही.

आता पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत आणि रात्रीचे जेवण सातला आटोपते. छातीतल्या कळेला नाव द्यायचे ते हृदयाचा आलेख पाहिल्यावरच, हे मी वर्गातही सांगतो.

यंदा आईने माझ्या ताटात चकली वाढली. एकच.