कार्ड मागायला आलेला बाप

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या डोंगरपट्ट्यातले वर्ग रिकामे व्हायला लागतात. ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येते. भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरं तिच्यात चढतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, कित्येक मुलांची नावं नुसती पटावर राहतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं होऊन बसलं होतं : या लोकांना पोरांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही. मत मनातच असलं तरी वर्गात ते रोज बाहेर पडायचं. दुकानदाराचा मुलगा हातचा धरायला विसरला, की मी म्हणायचो, ‘‘लक्ष कुठंय रे?’’ आणि त्याला पुन्हा फळ्याजवळ बोलवायचो. ऊसतोडीहून परतलेली मुलगी तेच चुकली, की ‘‘तुला कसं येणार?’’ म्हणून तिला खाली बसवायचो. चूक तीच. पण त्याची मला सहज झालेली वाटायची, तिची घरातून आलेली.

वाईट याचं वाटतं, की हे मी शिकलेलो होतो. रोझेंथाल आणि जेकबसन यांनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग १९६८ साली पुस्तकरूपानं आला. शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं होतं, की ही मुलं यंदा चमक दाखवतील. नावं मात्र कसलाही निकष न लावता निवडलेली. तरी पहिली-दुसरीतल्या अशा मुलांचा बुद्ध्यांक वर्षभरात इतरांपेक्षा जास्त वाढलेला दिसला. त्या निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले. परीक्षेत मी यावर उत्तर लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते.

एका वर्षी ऐन निघण्याच्या धामधुमीत चौथीतल्या एका मुलीचा बाप वर्गाच्या दाराशी आला. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याला बघताच माझं सुरू झालं. पोरीला कशाला नेताय, गावात हंगामी वसतिगृह आहे, सरकार जेवण देतंय, तुम्हालाच नको तर आम्ही काय करणार. सगळा वर्ग ऐकत होता. तो मान हलवत राहिला, ‘‘व्हय सर’’ म्हणाला आणि गेला. त्याचं गप्प राहणं मी बेफिकिरीत जमा केलं.

उन्हाळ्यात त्या मुलीची आई भेटली. ती सहज म्हणाली, ‘‘त्ये कारड मागायला आल्ते, सर. तिकडच्या शाळंत बसवायचं व्हतं तिला.’’ शिक्षण हमी कार्ड, स्थलांतर करणाऱ्या मुलांना आम्हीच द्यायचं असतं ते. वसतिगृहात जेवण मिळे, पण रात्री झोपायला घरी माणूस लागे. त्यांची म्हातारी त्याच पावसाळ्यात वारली होती. उचल घेतलेली होती ती कोयत्याची, म्हणजे नवराबायको दोघांची, त्यामुळे आईला मागं राहता येत नव्हतं. यातलं काहीही मला एका प्रश्नात कळलं असतं. कार्ड माझ्या टेबलाच्या खणात होतं.

मुलगी तो सगळा हंगाम कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत राहिली. नियमाप्रमाणे पाचवीत गेली, पण भागाकार तिला आलाच नाही. पुढे मी शाळा सुटल्यावर तिला बसवून शिकवलं. तिनं पुष्कळ भरून काढलं, सगळं नाही.

आता कार्डं मी दसऱ्याच्या आधीच भरून ठेवतो आणि रात्री घरी कोण असणार, हे प्रत्येकाला विचारतो. मत मात्र इतक्या सहज जात नाही. कुणी बाप दाराशी गप्प उभा राहिला, की अजूनही तेच भाषण माझ्या तोंडाशी येतं. ते आवरून मी त्याला आधी खुर्ची देतो आणि विचारतो, ‘‘काय काम काढलंत?’’