टीव्ही लावलाय

२०२५च्या ऑगस्टमधली गोष्ट. दुपारी बाबांना फोन केला. तसा मी रोजच करतो. सकाळी एक, दुपारी जेवणं झाल्यावर एक आणि रात्री झोपायच्या आधी एक. प्रश्नही ठरलेले. गोळ्या घेतल्यात का, जेवलात का, काय करताय.

"घरीच आहे. जेवून जरा आडवा होतोय," बाबा म्हणाले.

आणि त्यांच्या मागून खणखणीत आवाजात घोषणा ऐकू आली. प्लॅटफॉर्म क्रमांक अमुकवर येणारी लोकल ही धीमी लोकल आहे, वगैरे वगैरे.

"बाबा, हे काय ऐकू येतंय?"

"कुठे काय? टीव्ही लावलाय."

आता आमच्या डोंबिवलीच्या घरात दुपारी टीव्ही लागत नाही, आईची झोपमोड होते म्हणून. आणि लागला तरी त्यावर मध्य रेल्वेच्या घोषणा होत नाहीत, एवढं मला नक्की माहीत आहे. माझे ७८ वर्षांचे वडील माझ्याशी धडधडीत खोटं बोलत होते!

थोडं मागे जायला हवं. मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, आई-बाबा डोंबिवली पूर्वेला, आमच्या जुन्या घरात. बाबांची नोकरी फोर्टात. ३४ वर्षं त्यांनी डोंबिवली ते व्हीटी (तेव्हा व्हीटीच होतं) अशी लोकल केली. त्यामुळे गाडीची भीती वगैरे त्यांना ठाऊकच नाही. पण ९ जून २०२५ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यात काहींचा जीव गेला. बातमी कळल्याबरोबर मी आधी मुलाला फोन लावला. त्याची गाडी ऐरोलीकडची, मुंब्र्याशी तिचा काही संबंध नाही, तरी लावला. मग बाबांना. ते घरात पेपर वाचत बसले होते. संध्याकाळी मी त्यांना जाहीर केलं, आजपासून लोकल बंद. कुठे जायचं असेल तर मला सांगा, मी इथून टॅक्सी बुक करून देईन.

बाबा म्हणाले, "बरं."

खरं तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बाबांनी आयुष्यात माझ्या कुठल्याही सूचनेला एका शब्दात 'बरं' म्हटलेलं नाही.

तर त्या ऑगस्टच्या दिवशी मी रात्री जेवताना जाम वैतागलो होतो. म्हटलं, आता बाबांच्या फोनवर ते लोकेशनचं लावूनच टाकतो, म्हणजे कुठे आहेत ते इथे बसून दिसेल. त्यावर चिरंजीव म्हणाले, "ए बाबा, लाव की. पण मग आजोबा फोन घरी ठेवून जातील. मी तरी तेच केलं असतं."

हा मला 'ए बाबा' म्हणतो. मी माझ्या वडिलांना अजूनही 'अहो बाबा' म्हणतो, आणि ते त्यांच्या वडिलांसमोर खुर्चीत बसायचे नाहीत. तीन पिढ्यांत एवढा फरक पडला. माझ्या मुलाला माझी भीती वाटत नाही, म्हणून तो सरळ सांगतो की आज रात्री येणार नाही, मित्राकडे आहे. मला ते फारसं आवडत नाही, पण निदान खरं असतं. मला मात्र बाबांची भीती वाटायची. आणि म्हणून मी खोटं बोलायचो.

१९९३ साली मी कल्याणला कॉलेजात होतो. पास डोंबिवली ते कल्याण. एके दिवशी जादा तास आहे असं घरी सांगून मित्रांबरोबर उलट्या दिशेला, ठाण्याला वंदना टॉकीजला सिनेमा बघायला गेलो. तिकीट काढायचे पैसे वाचवले आणि ठाणे स्टेशनवर टीसीने बरोब्बर धरलं. मित्रांनी वर्गणी काढून दंड भरला. पावती मी शर्टाच्या खिशात ठेवली आणि विसरलो. आईने शर्ट धुवायला घेतला तेव्हा ती बाबांच्या हातात गेली. आता फोडून काढणार, अशी माझी खात्री. पण बाबा काहीच बोलले नाहीत. पावती फक्त माझ्या पुस्तकावर ठेवून दिली. पुढच्या महिन्यात पास काढायची वेळ आली तेव्हा ते स्वतः खिडकीवर गेले आणि ठाणे ते कल्याण असा पास काढून आणला. "डोंबिवली मधेच येतं," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी ठाण्याला बरेच सिनेमे बघितले, पण सांगून.

मुलाच्या बोलण्याने मला ती पावती आठवली. आणि जरा लाजच वाटली. म्हणजे आता बाबांना माझी भीती वाटायला लागली होती की काय?

आपल्याकडे या विषयावर जे काही आहे, ते सगळं मुलं आईवडिलांना टाकतात त्याबद्दल आहे. १९७०चं 'नटसम्राट' घ्या, नाहीतर दळवींचं 'संध्याछाया' घ्या. २००७ साली तर संसदेने कायदाच केला. मुलं सांभाळत नसतील तर आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, निर्वाह खर्च मिळवता येतो. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीस दिलेलं घर मुलांनी अट मोडल्यावर परत मिळवायची सोयही त्यात आहे. चांगला कायदा आहे, गरजेचाही आहे. पण मुलं प्रमाणाबाहेर सांभाळायला लागली तर कुठे दाद मागायची? त्याचं कलम नाही. अशी माणसं मग कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर बसून 'टीव्ही लावलाय' म्हणतात.

पुढच्या रविवारी डोंबिवलीला गेलो. आई आत पोळ्या करत होती. मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "बाबा, परवा कल्याणला काय काम होतं?"

ते दचकले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "काम काही नव्हतं."

"मग?"

"दुपारची धीमी लोकल रिकामी असते. बसून जातो. ठाकुर्ली, कल्याण, दोनच स्टेशनं. तिथे चहा पितो, थोडा वेळ माणसं बघतो आणि येतो. आठवड्यातून दोनदा. घरी बसून गुडघे धरतात रे."

"मला सांगायचं ना..."

"तू नाही म्हणाला असतास. मग मला तुझं ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं, नाही का?"

१९९३ साली माझा युक्तिवाद शब्दशः हाच होता! मी गप्पच झालो. तेवढ्यात आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, "आता विषय निघालाच आहे तर घराचंही बोलून घ्या."

घराचं म्हणजे असं, की आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती आणि दिवाळीनंतर जागा रिकामी करायची होती. नवीन इमारत होईपर्यंत आई-बाबा ठाण्याला आमच्याकडे येणार, हे मी ठरवून टाकलं होतं. त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, बाथरूमला धरायचे दांडे बसवून घेतले होते. एकच गोष्ट राहिली होती. त्यांना विचारायची.

"तुझ्याकडे काही कमी नाही," आई म्हणाली. "पण चौदाव्या मजल्यावरून खाली उतरून मी बोलू कोणाशी? इथे माझी भिशी आहे, लायब्ररी आहे, भाजीवाली नावाने हाक मारते. बिल्डर भाडं देतोय. टिळकनगरमध्ये दोन खोल्या बघून ठेवल्यात आम्ही."

बघून ठेवल्यात! म्हणजे हे कारस्थान दोघांचं होतं, आणि महिनाभर चाललं होतं. माझ्या पाठीमागे, दबक्या आवाजात, कॉलेजातल्या पोरांसारखं. खरं सांगतो, वाईट वाटलं. रंगवलेल्या खोलीचं नाही तेवढं, ते माझ्याशी दबक्या आवाजात वागत होते याचं.

दिवाळीच्या सकाळी सगळे मिळून फडके रोडवर गेलो. नेहमीची तुडुंब गर्दी, नवे कपडे, गणपतीचं दर्शन. बाबा पुढे चालत होते आणि मी त्यांचा दंड धरायला दोनदा हात पुढे करून दोनदा मागे घेतला. नोव्हेंबरात ते टिळकनगरच्या भाड्याच्या जागेत गेले. ठाण्याच्या त्या खोलीत सध्या आईची तांब्यापितळेची भांडी राहतात. वारा चांगला येतो त्यांना.

आणि मी बाबांना पास काढून दिला. गुपचूप काढून टेबलावर ठेवायचा बेत होता, अगदी त्यांच्यासारखा. पण ओळखपत्र लागतं म्हणून सांगावंच लागलं. "फर्स्टचा काढू का?" विचारलं तर म्हणाले, "सेकंडचाच काढ. तिथे म्हाताऱ्यांच्या सीटा असतात आणि बोलायला माणसं मिळतात." पास ठाणे ते कल्याण. डोंबिवली मधेच येतं.

आता दुपारी फोन केला की ते सरळ सांगतात, "कल्याणला आहे, चहा पितोय." मागे घोषणा चालू असते. मी "बरं" म्हणतो. काळजी गेली असं मुळीच नाही. मला कॉलेजातून यायला उशीर झाला की बाबा गॅलरीत उभे राहायचे, तिथून गल्लीचं टोक दिसायचं. मीही हल्ली त्या वेळेला गॅलरीत जाऊन उभा राहतो. पण घोडबंदर रोडवरून डोंबिवलीची गल्ली काही दिसत नाही. तासाभराने त्यांचा "पोचलो" असा मेसेज येतो, तेव्हा आत येतो.