दोनशे ते साडेतीनशे

यंदा माझ्या विद्यार्थिनीच्या फिल्म माझ्यापेक्षा सरस निघाल्या आणि ते मला लागलं. अमरावतीत एवढी वर्षं स्पिन कोटिंग केल्यावर फेरिक ऑक्साइड हा आपला हातखंडा आहे, असं मी धरूनच चाललो होतो. दर्यापूरकडची ही मुलगी हॉटप्लेटवरच्या काचेकडे तिरकं बघून म्हणाली, "सर, थे अजून वल्लंच हाय. फर्नेसमध्ये इतक्यात नका टाकू."

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. काचेवर पसरतो त्या आयर्न एथिलहेक्सानोएटच्या १०० ग्रॅममधून ऑक्साइड मिळतं जेमतेम १६ ग्रॅम; बाकीचं सेंद्रिय, जळून जायचं. थर घट्ट बसला तर आकारमान उरतं तीन-चार टक्के. काचेनं खालून धरून ठेवल्यामुळे थराला आकसायला जागा फक्त जाडीत. आडवा ताण तसाच राहतो. २०० ते ३५० अंशांच्या दरम्यान वायू निघण्याआधीच वरचं कवच कडक झालं, तर फोड येतात. थर जाड असेल तर वैशाखातल्या काळ्या रानासारख्या भेगा. कार्बन कोंडला तर लोखंड पुरतं ऑक्सिडाइझ होत नाही, रंग काळपट येतो. पुढच्या ५०० अंशांवर हेमेटाइट, म्हणजे हवा असलेला स्फटिकी फेरिक ऑक्साइड, आपसूक येतो.

म्हणून शोधनिबंधात नुसतं '५०० अंशांवर तापवले' वाचलं की चीड येते. तापमान किती सावकाश चढवलं? कुठे थांबलात? हवेत ओल किती होती? आता एक्स-रे आलेखात ३३.२ आणि ३५.६ अंशांची शिखरं दिसली की काम संपतं; फिल्म खिडकीशी धरून बघायला सवड नसते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातली स्प्रे पायरोलिसिसची परंपरा मी मानतो. तिथे थेंब तापल्या काचेवर पडता पडताच विघटन होतं, कोंडमारा फारसा उरत नाही. तरी माझा जीव हॉटप्लेटवरच्या थरावर. कडेकडून जांभळट, पिवळसर रंग आत सरकत येतात. ते सरकायचे थांबले की थर सुकला.

एका दमात चढवलेली, आरशासारखी गेरू-लाल जाड फिल्म मला प्रिय होती. पाहुण्यांपुढे तीच ठेवायचो. हेमेटाइटमध्ये प्रकाशानं सुटलेले होल मोजके नॅनोमीटरच चालतात, पाणी-विघटनाला ती जाडी कामाची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती चमक माझ्या मानासाठी होती. हल्ली थर पातळ देतो, प्रत्येक थरामागे थांबतो. आणि तरीही तिची फिल्म माझ्या फिल्मशेजारी ठेवून बघतो, तेव्हा माझी उजवी निघावी असंच मनात असतं.