नवी पोथी, जुने पारायण

नवी वस्तू घरात आली म्हणजे जुनी संपली, असा आपला एक भाबडा समज असतो. पाडव्यास नवे पंचांग खुंटीला अडकविले की गतवर्षीच्या तिथी आपण विसरून जातो, आणि पंचांगापुरते ते योग्यही आहे. परंतु हाच समज घेऊन आम्ही एकदा संगणकाच्या खोलीत शिरलो आणि चांगलेच फसलो. त्याची हकिकत येथे सांगावयाची आहे.

त्या काळी आम्ही बडोद्यास होतो व एका लहानशा संस्थेचा सर्व्हर सांभाळीत होतो. सर्व्हर म्हणजे फार मोठे प्रकरण नव्हे. कार्यालयाच्या कोपऱ्यात ठेवलेला, लिनक्सवर चालणारा एक संगणक. सभासदांची नोंद, देणग्यांच्या पावत्या आणि टपाल एवढा त्याचा संसार. ८ एप्रिल २०१४ हा रामनवमीचा दिवस होता. आदल्या रात्री उशिरा एक वार्ता जगभर पसरली होती. ओपनएसएसएल नावाच्या ज्या लायब्ररीच्या आधारे असंख्य संगणक एकमेकांशी गुप्तपणे बोलतात, तिच्यात एक भयंकर दोष आढळला होता. त्यास ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले. मार्च २०१२ मध्ये निघालेल्या १.०.१ या आवृत्तीपासून तो तेथे दबा धरून होता. पलीकडचा जी लांबी सांगेल तेवढा मजकूर परत धाडावयाचा. पण सांगितलेली लांबी खरी आहे की नाही, हे पाहावयाचेच राहून गेले होते. त्यामुळे कोणीही परका मनुष्य एकेका विनंतीसरशी संगणकाच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर उचलून नेऊ शके. त्यात पासवर्ड सापडत, क्वचित गुप्त किल्लीही सापडे. आणि चोराचे पाऊल सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत उमटत नसे.

आम्ही सकाळीच कार्यालयात गेलो, अपडेट उतरवून घेतले आणि आवृत्ती तपासली. ती नवी होती. निश्चिंत मनाने देवळात गेलो, माध्यान्हीस रामजन्म झाला, पाळणा हलला, सुंठवडा हातावर पडला, आणि चिटणीसांना आम्ही तेथेच सांगून टाकले, “झाले काम. काळजी नको.”

संध्याकाळी हैदराबादच्या एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला. हा गृहस्थ अशा कामात मुरलेला. आमची फुशारकी ऐकून तो म्हणाला, “अहो, फाईल बदललीत हे ठीक, पण चालू प्रोग्राम केव्हापासून चालू आहेत ते पाहिलेत का?” आम्ही पाहिले, आणि तोंडातला सुंठवडा कडू झाला. वेबचा प्रोग्राम अपडेटनेच पुन्हा सुरू केला होता. परंतु टपाल वाहणारा एक प्रोग्राम आम्ही संक्रांतीच्या सुमारास स्वहस्ते चालविला होता, आणि तो तेव्हापासून अखंड चालत होता. त्याच्यापाशी दोष जसाच्या तसा होता. सभासदांचे पासवर्ड त्याच्यातूनच जात होते.

हे कसे घडते? देवळातील पोथीशाळेचे उदाहरण घेऊ. एक पुराणिकबुवा कपाटातील पोथी घेऊन पारायणास बसले आहेत. कोणी त्या पोथीची शुद्ध केलेली प्रत आणून त्याच नावाने कपाटात ठेवली आणि यादीतून जुनीचे नाव खोडले. आता जो नवा वाचक येईल त्यास शुद्ध प्रत मिळेल. परंतु बुवांच्या हातात जुनीच आहे, आणि ते जुन्याच चुका ठसक्यात वाचीत राहणार. लिनक्सची रीत नेमकी अशी आहे. फाईलचे नाव पुसले तरी जोवर एखादा प्रोग्राम ती धरून आहे तोवर ती नाहीशी होत नाही. शेवटच्या वाचकाने हात सोडला की मगच तिचा निकाल लागतो. या सोयीमुळेच चालत्या कामास धक्का न लावता अपडेट करता येते, आणि याच सोयीत धोकाही आहे.

मग कोणाच्या हातात जुनी प्रत आहे, हे ओळखावे कसे? लिनक्स प्रत्येक चालू प्रोग्रामची एक वही ठेवते. त्याने कोणकोणत्या फाईली स्मृतीत घेतल्या आहेत, हे तीत लिहिलेले असते. आणि मूळ फाईल पुसली गेली असल्यास तिच्या नावापुढे ‘डिलीटेड’ असा शेरा पडतो. तो शेरा शोधला की अपराधी सापडला. हेच काम डेबियनवर चेकरीस्टार्ट व नीडरीस्टार्ट करतात, रेड हॅटवर नीड्स-रीस्टार्टिंग करतो, सुसेवर झिपर करतो. तथापि या शेऱ्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. काही प्रोग्राम तात्पुरत्या फाईली मुद्दाम पुसून वापरतात. तेथे शेरा दिसला तरी दोष नसतो. उलट पायथनसारख्या भाषेतील प्रोग्राम आपला मजकूर आरंभीच वाचून फाईल मिटून ठेवतो; तेथे दोष असला तरी शेरा नसतो. अशा वेळी प्रोग्राम आधी सुरू झाला की फाईल आधी बदलली, हा काळाचा हिशेबच पाहावा लागतो. आणि कर्नल बदलला असेल तर सबंध यंत्रच पुन्हा सुरू करावे लागते.

पारखणाराही निर्दोष असतोच असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्वालिस या संस्थेने खुद्द नीडरीस्टार्टमधील दोष उघड केले. यंत्रावर साधा प्रवेश असलेला मनुष्य त्यांच्या आधारे सर्वाधिकारी होऊ शकत होता. ते दोष एप्रिल २०१४ पासूनचे, म्हणजे आमच्या त्या रामनवमीच्याच महिन्यातले! साडेदहा वर्षे पहारेकरी इतरांच्या हातातील पोथ्या तपासत होता. त्याची पोथी कोणी पाहिली नव्हती.

त्या रात्री आम्ही टपालाचा प्रोग्राम पुन्हा सुरू केला, गुप्त किल्ली व प्रमाणपत्र नवे घेतले. दुसऱ्या दिवशी चिटणीसांपुढे उभे राहून “काल सांगितले ते खरे नव्हते” असे कबूल केले. यंत्रापुढे बसण्यापेक्षा ते कठीण होते. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “मग आता प्रत्येकास कळविले पाहिजे.” सर्व सभासदांना पासवर्ड बदलण्याविषयी पत्रे गेली. रामजन्मापासून रात्रीपर्यंत त्या उघड्या दारातून कोणी काही नेले काय, हे आम्हांस कधीच कळले नाही व कळणारही नाही.

तेव्हापासून अपडेट संपल्याची ओळ पडद्यावर आली तरी आम्ही खुर्ची सोडत नाही. कोण केव्हापासून चालू आहे ते पाहतो, शेरे वाचतो, ज्यांना उठवावयाचे त्यांना एकेक करून उठवितो. रामनवमीस अपडेट आलेच, तर सुंठवडा त्यानंतर.