परिवीक्षा अधिकाऱ्यांना, पंधरा दिवसांच्या त्या अहवालाबद्दल

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या परिवीक्षा अधिकाऱ्यांना,


तुम्हाला सहसा कुणी पत्र लिहीत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले आणि मोटार चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला. तो संताप मला समजतो. दोन घरांतली कर्ती मुलं गेली होती. पण पुढचे कित्येक दिवस चर्चा ‘निबंध की कोठडी’ एवढ्यातच फिरत राहिली. या दोन टोकांच्या मध्ये जे काम असतं ते तुमचं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणून हे पत्र.

मी एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळावर तीन वर्षं समाजकार्यकर्ती सदस्य होते. आमच्यापुढे येणारी बहुतेक मुलं मोबाइल, दुचाकी, तांब्याची तार किंवा जत्रेतली मारामारी यांतली. मूल पहिल्यांदा मंडळापुढे आलं की पंधरा दिवसांत तुमचा सामाजिक तपासणी अहवाल यावा, असं २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. मंडळ त्या मुलाला ओळखतं ते बरंचसं त्या कागदावरूनच.

दोन अहवाल माझ्या मनातून जात नाहीत. पहिला दीड पानांचा. ‘कौटुंबिक परिस्थिती हलाखीची. संगत वाईट. पालक आढळून आले नाहीत.’ पालक आढळणार कसे? दिवस जानेवारीचे होते. आईबाप दोघंही टोळीबरोबर ऊसतोडीला गेले होते, दोनशे-अडीचशे किलोमीटरवर, कारखान्याच्या फडात. घराला कुलूप होतं आणि पोरगं आजीकडे. ते एक वाक्य वाचून आम्ही मुलाला निरीक्षणगृहातच ठेवलं. घ्यायला कुणी येईना, म्हणून तो फोनच्या चोरीपायी पाडव्यापर्यंत आत राहिला. जामीनदार नसला तरी तुमच्या देखरेखीखाली मुलाला सोडता येतं, हे त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. ते आम्ही वापरलं नाही. ही चूक मंडळातल्या आम्हा तिघांची होती, एकट्या अहवालाची नव्हे.

दुसरा अहवाल तुमच्यातल्याच एका बाईंचा. मुलाची आई दिवसभर धुणीभांडी करायची, म्हणून त्या रात्री नऊला तिच्या घरी गेल्या. त्यांना कळलं की पोरगं नववीत गळलं ते फीपायी. शाळेने दाखला अडकवून ठेवला होता, म्हणून दुसरीकडे प्रवेश मिळेना. बाईंनी शाळेत खेटे घालून दाखला मिळवला आणि अहवालाच्या शेवटी लिहिलं, ‘दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरण्याची मुदत पुढील आठवड्यात संपत आहे.’ शाळेबाहेरून दहावीला बसायला हा फॉर्म लागतो. आमच्या मंडळाला करता येण्याजोगं काहीतरी त्या ओळीत होतं. आम्ही त्याच दिवशी आदेश दिला.

दोन्ही अधिकारी सारखेच कष्टाळू होते. आमच्या जिल्ह्यात बालविवाह थांबवायला तुम्हीच धावायचात, बालसंगोपन योजनेच्या गृहभेटी तुम्हीच करायचात, निरीक्षणगृहातलं मूल आजारी पडलं तर रात्री दवाखान्यातही तुम्हीच असायचात. त्यातून वेळ उरला तर अहवाल. म्हणूनच मला वाटतं, परिवीक्षा सुधारायची तर आधी तुमच्या टेबलावर येणाऱ्या फायली कमी झाल्या पाहिजेत.

वळण लावणं हा आपल्या घरातला जुना शब्द. किरकोळ गुन्ह्यातल्या मुलाला खटल्याच्या वाटेवरून बाजूला वळवावं, हे तत्त्व बाल न्याय कायद्याच्याच तिसऱ्या कलमात आहे. २०१६ चे आदर्श नियम त्याहून पुढे जातात. घोर गुन्हा नसेल आणि सोबत मोठं माणूस आरोपी नसेल, तर पोलिसांनी एफआयआर नोंदवायचाच नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद करायची आणि मुलाची सामाजिक पार्श्वभूमी लिहून मंडळाकडे पाठवायची. किरकोळ प्रकरण तर मंडळाला पहिल्याच दिवशी मिटवता येतं. तरीही ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी देशातल्या ३६२ मंडळांपुढच्या प्रकरणांपैकी ५५ टक्के पडून होती. आम्हीही तारखा दिल्या. कारण मूल वळवायचं तर कुठे, हे आम्हाला कुणी सांगू शकत नव्हतं. तालुक्याला समुपदेशक नाही, रात्रशाळा नाही, पोराला हाताखाली घेणारा गॅरेजवाला कुणाला माहीत नाही. सोडून दिलं तर ते पुन्हा त्याच नाक्यावर जाणार, या भीतीने तारीख पडत राहते.

मुलांना खटल्याबाहेर वळवण्यासाठी न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदा करून मुलाचं कुटुंब, ज्याचं नुकसान झालं ती व्यक्ती आणि पोलीस यांची एकत्र बैठक सुरू केली. माओरींच्या रीतीचा तिच्यावर मोठा ठसा आहे. आपल्याकडे अशी बैठक म्हटली की जातपंचायत डोळ्यांपुढे येते, आणि ती भीती रास्त आहे. म्हणूनच तिथे तुम्ही हवे, गावातले पुढारी नकोत. आणि ‘मी चोरी केलेली नाही’ म्हणणाऱ्या मुलाला मंडळापुढे येण्याचा हक्क राहिलाच पाहिजे. मुकाट्याने माफी मागून सुटका करून घेण्याची सवय त्याला लागता कामा नये.

हे मी पारधी वस्त्यांवरच्या मुलांसाठी विशेष करून लिहिते आहे. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी आजही त्यांच्या पालांकडे वळते. तुमच्या अहवालाच्या नमुन्यात घरच्यांच्या गुन्ह्यांचा रकाना आहे. पारधी मुलाच्या बाबतीत तो भरताना बापावरच्या नोंदीपुढे शिक्षा झाली की नुसताच संशय होता, एवढं जरूर लिहा. माझ्यासमोर आलेल्या अशा फायलींत ते एकदाही लिहिलेलं नव्हतं.

आता हजेरीबद्दल. चांगल्या वर्तनाच्या अटीवर मुलाला तीन वर्षांपर्यंत तुमच्या देखरेखीखाली ठेवता येतं. त्यातून उरते काय, तर ठरलेल्या सोमवारी कार्यालयात येऊन सही. बांधकामावर जाणाऱ्या पोराचा रोज बुडतो, मुकादम तिसऱ्या वेळी कामावर घेत नाही, आणि सही चुकली की आमच्याकडे अटीच्या भंगाचा कागद येतो. सहीऐवजी तुम्ही महिन्यातून एकदा संध्याकाळी त्याच्या कामावर गेलात तर? त्यासाठी एका अधिकाऱ्याकडे किती मुलं असावीत याची मर्यादा ठरायला हवी, दुचाकीच्या पेट्रोलचे पैसे वेळेवर मिळायला हवेत आणि कंत्राट अकरा महिन्यांत संपता कामा नये. हे तुम्ही एकजुटीने महिला व बाल विकास विभागाला लेखी कळवा. खाली सही करायला मी येईन, आणि माझ्यासारखे माजी सदस्य गोळा करायची जबाबदारी माझी.

एक मात्र लगेच करता येईल. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. ज्या मुलांची प्रकरणं चालू आहेत, त्यांच्या आईबापांना त्याआधी भेटा. कोणत्या कारखान्याला चालले आहेत ते विचारा आणि त्यांच्या मुकादमाचा फोन नंबर फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आपली,
मंडळाची एक माजी सदस्य