चिठ्ठीत निघालेली बाजू

पुणतांब्यात बोलणाऱ्यांचा तोटा कधीच नव्हता. गोदावरीच्या घाटावर, चांगदेव महाराजांच्या समाधीपाशी, स्टेशनवर मनमाडकडच्या गाडीची वाट पाहताना माणसं हिरिरीने वाद घालायची. उसाचा दर, कालव्याचं आवर्तन, सोसायटीची निवडणूक. बहुतेक वाद आवाजावर ठरायचे. वाद घालण्याचंही एक शास्त्र आहे आणि ते शिकता येतं, हे मला आमच्या मराठीच्या सरांनी दाखवलं. आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना आवडत नसे, म्हणून इथेही देत नाही.

शाळा सुटल्यावर सर आठवी-नववीची बाकं समोरासमोर लावायला सांगत. एकीकडे सत्ताधारी, दुसरीकडे विरोधक, मध्ये टेबलाशी अध्यक्ष. ही आमची अभिरूप संसद. ठराव सर फळ्यावर लिहीत आणि बाजू मात्र चिठ्ठी टाकून ठरे. कुणाला काय वाटतं याला तिथे किंमत नव्हती.

ठराव मांडणाऱ्याने आधी त्याची हद्द आखून द्यायची, हा पहिला धडा. ‘उसाखालचं क्षेत्र कमी करावं’ असा ठराव असला, तर कुठला ऊस? कालव्याच्या पाण्यावरचा की विहिरीवरचा? कमी कुणी करायचा, सरकारने कायद्याने की शेतकऱ्याने आपणहून? एवढं सांगितल्याशिवाय सर पुढचं वाक्य बोलू देत नसत. दुसरा धडा जबाबदारीचा. जो बदल मागतो त्याने आधी सिद्ध करायचं की चाललंय ते का चालू नये. पण म्हणून विरोधकाला नुसतं ‘नाही, नाही’ म्हणून सुटता येत नसे. समोरच्याचा लंगडा मुद्दा पकडून टाळ्या घेणारा मुलगा सरांच्या लेखी हरलेला असे. “त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता, ते आधी तुझ्या शब्दांत सांग. त्याने मान डोलावली की मग खोडून काढ,” असं ते म्हणत. आणि समारोपाच्या भाषणात नवा मुद्दा काढायला सक्त मनाई होती, कारण त्याला उत्तर द्यायची संधी समोरच्याला उरत नाही. सर याला अन्याय म्हणत, आणि तो शब्द ते फार जपून वापरत.

उदाहरण द्यायचं तर त्यांच्या ओठावर मधु दंडवते असत. दंडवते नगरमध्ये जन्मले, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि १९७१ पासून राजापूरहून लोकसभेत निवडून जात. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी येऊ लागली. दौंड-मनमाड मार्गावरच्या आमच्या गावाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नसे. आवाज न चढवताही सभागृह ऐकतं, माहिती मात्र पक्की लागते, हे सर त्यांच्यावरून सांगत.

मग एकदा ठराव आला: खंडकऱ्यांच्या जमिनी परत कराव्यात. आमच्या भागात हा प्रश्न घराघरांतला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर त्या सरकारकडे आल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालक दारातच उभे राहिले. कॉम्रेड माधवराव गायकवाडांनी त्यांच्यासाठी अनेक वर्षं लढा दिला. माझे आजोबा, आमचे अण्णा, अशाच खंडकऱ्यांपैकी एक. आणि चिठ्ठीत मला निघाली विरोधी बाजू.

घरी सांगायला जीव धजेना. शेवटी जेवताना बोललो. अण्णा घास हातात धरून बघत राहिले. “आपल्याच जमिनीच्या इरोधात बोलायला शिकवत्यात व्हय रं तुला?” एवढंच म्हणाले. सकाळी मी ओट्यावर भाषणाची उजळणी करत होतो, तेव्हा ते शेजारी येऊन बसले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, “अरं, खरा मुद्दा तू घेतलाच नाही. मळ्यावरच्या चाळीत कामगार राहत्यात, पिढ्या गेल्या त्यांच्या तिथं. जमीन मला माघारी दिली तर त्यांनी कुठं जायचं? हे बोल.”

ज्या जमिनीची ते आयुष्यभर वाट पाहत होते, तिच्या विरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्यांनीच मला दिला. सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझ्या अण्णांना एकदा वर्गात घेऊन ये.” अण्णा आले नाहीत, त्यांना शाळेच्या पायऱ्यांचा संकोच होता. खंडकऱ्यांना जमिनी परत मिळायला २०१२ उजाडलं. तोवर अण्णा राहिले नव्हते.

पुढे शहरातल्या कॉलेजात इंग्रजी संसदीय वादविवाद पाहिला. दोघा-दोघांचे चार संघ, विषय कळल्यावर पंधरा मिनिटं तयारी, सात मिनिटांचं भाषण, पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मध्ये प्रश्न विचारायची मुभा. सगळं ओळखीचं वाटलं. भाषा परकी होती, पण चाल आमच्या वर्गातलीच होती. तिथली हुशार मुलं वेगाने बोलत. समोरच्याचं भाषण लिहून घेताना पेन न थांबवणारी मुलं मात्र जिंकत.

एप्रिल २०१७ मध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेने शेतकरी संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून संप सुरू झाला, तेव्हा गावाचं नाव देशभर गेलं. दूध ओतायचं की नाही, भाजी अडवली तर हाल कुणाचे, कर्जमाफी सरसकट हवी की निकषांवर, यावर घरोघर वाद झडत होते. मी त्या वादांत ठरावाची हद्द कुणी आखली आहे का ते शोधत होतो, आणि कामगारांची बाजू सांगणारे अण्णा मला सारखे आठवत होते.

कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, त्यातल्या एका सभेला तरी नववीची मुलं मागे बसवा, हातात वही द्या आणि ज्यांचं म्हणणं त्यांना पटत नाही त्यांचेच मुद्दे लिहून आणायला सांगा.